क्लाराले लागलेला ठसका

तुमी हसान, पन एक गिलास पानी देतानी मी धा येळा इचार केला. पोरगी स्वित्झर्लंडहून आली, संग तिची तिकडची मैत्रीण क्लारा. या बाईचं पोट बिघडलं तं आदिलाबादेत कोन्या डॉक्टरकडे पळू, याच घोरात मी होतो. फिल्टर पान्याच्या प्लांटवरून नवा कॅन आनला, वरून तेबी पानी उकळलं, गाळलं, मंगच गिलास देल्ला.

क्लारानं मान मागं टाकली, गिलास उंच धरला आन् पानी वरून ओतलं. सरळ नाकात! असा ठसका लागला का तोंड लालबुंद, श्वास घेता येईना.

मी घाबरून ओरडलो, "पानी प्लांटचंच आहे!"

पोरगी तिची पाठ चोळत म्हने, "पान्याचं काई नाई, बाबा. दुसऱ्याच्या भांड्याले तोंड लावू नये, असं मीच शिकवलं तिले. तिच्या गावात तं चौकातल्या नळालेच सगळे तोंड लावतात."

बाजेवर माहे आबा बसले होते. जवानी सालदारकीत गेली त्यायची. मालकाच्या अंगनात वरून ओतलेलं पानी ओंजळीनं पेले.

"चौकातल्या नळाले? कोनीबी?" त्यायनं विचारलं.

"कोनीबी, आबा."

आबा काठी टेकत उठले. सोता गिलास भरला आन् क्लाराच्या हातात देल्ला.

"तोंड लावून पे, माय. या घरात वरून कोनी पेत नाई."