डर्कभाऊंच्या सोळा मात्रा

मंडळी, मायबहिणींनो, जयभीम.

तूर सोंगायची सोडून तुम्ही विहारात आलात. शेलूबाजारहून पाहुणे जीप करून आले. इतक्या दूरच्या माणसासाठी एवढी माणसं जमतील असं मला वाटलं नव्हतं. बोलायचं कसं, तेही कळत नाही. मी चौथी शिकलेला, पेटी कानानं शिकलो. पेटीवर बसलं की तोंड मिटायची सवय. आज उलटं करायचं आहे. सांभाळून घ्या.

डर्कभाऊ गेले. माझी पुतणी प्रज्ञा हॉलंडात शिकायला गेली, ती त्यांच्याच घरी खोली घेऊन राहते. मंगळवारी तिचा फोन आला. "मोठेबाबा, डर्कभाऊ सकाळच्या चहाले उठलेच नाईत."

ज्यांनी त्यांना पाहिलं नाही त्यांना सांगतो. डर्कभाऊ संगीतकार होते. सिनेमाचे नाही, तिकडच्या शास्त्रीय संगीताचे. कागदावर सूर लिहायचे, आणि पन्नास-साठ वाजवणारे ते पाहून वाजवायचे. त्यांचे वडील गावच्या चर्चमध्ये पेटी वाजवत. पेटी म्हणजे माझ्यासारखी मांडीजवळची नाही, भिंतीएवढी, नळ्यांची. भाऊ पोरांना संगीत शिकवून जगले. रचना पुष्कळ लिहिल्या, वाजल्या थोड्या. नाव झालं का? नाही झालं. तेच हसून सांगायचे, आपण कशाला लपवायचं?

त्यांची सगळ्यात मोठी रचना एकदाच वाजली, तीही रेडिओवर; भाऊंनी ती घरी बसून ऐकली. तिच्या मधोमध त्यांनी सोळा मात्रांची शांतता लिहिली होती. सगळ्यांनी हात उचलायचे आणि थांबायचं. रेडिओवाल्यांनी तेवढीच जागा कापली. म्हणे, ऐकणाऱ्यांना वाटेल रेडिओ बिघडला. बाकी सगळं वाजलं. ज्याच्यासाठी लिहिलं, तेच गेलं.

मग प्रज्ञा भाकरी थापताना आपली गाणी गुणगुणायची, ती त्यांनी ऐकली. आणि एका हिवाळ्यात माणूस वही घेऊन इथं हजर. चार हिवाळे आले. मला मास्तर म्हणायचे. मराठी शब्द एकच पक्का शिकले: थांबा. तालमीत दिवसभर तेच. "मास्तर, थांबा." "सुखदेव, थांबा."

तिसऱ्या वर्षी त्यांनी आपल्यासाठी लिहिलं. माझी पेटी, सुखदेवची ढोलकी, पाच बायांचे आवाज. आणि मधात त्याच सोळा मात्रा. प्रज्ञा फोनवरून समजावून सांगायची. मी विचारलं, "बाई, इतका वेळ चूप राहून करायचं काय?" भाऊंचं उत्तर आलं, ऐकायचं. खोकला आला तर चालेल, सूर नको.

तुम्हाला आपली रीत माहीत आहे. गाणारा अडला, श्वास सुटला, शब्द विसरला, की पेटीवाल्यानं जागा भरायची. सोबत्याला उघडं पडू द्यायचं नाही. चाळीस वर्षं मी तेच केलं. माझं बोट तसंच घडलं आहे.

कार्यक्रम इथंच झाला. सम आली, आम्ही थांबलो. चार मात्रा गेल्या. पाच. समोरून कौसाबाई म्हणाल्या, "विसरले वाटते बापा, बिचारे!" कौसाबाई, हसू नका, तुम्हीच म्हणाल्या होतात. आणि माझं बोट पट्टीवर गेलं. माझा सूर ऐकून सुखदेवनं थाप दिली. मग काय, बायांनीही उचललं. टाळ्या पडल्या.

भाऊ मागं उभे होते. जवळ आले, हातानंच विचारलं, कोण? ढोलकीचा आवाज मोठा. सगळ्यांनी सुखदेवकडं पाहिलं. मी भाता बंद करायच्या कामाला लागलो. सुखदेव म्हणाला, "चुकलो, भाऊ." भाऊंनी वही मिटली. त्या हिवाळ्यात त्यांनी सुखदेवला पुन्हा तालमीला बोलावलं नाही. पुढच्या वर्षीही नाही.

मंडळी, पहिलं बोट माझं होतं. हे मी भाऊंना सांगायला हवं होतं. यंदा येतील तेव्हा सांगू म्हटलं. आता कोणाला सांगू? तुम्हालाच सांगतो.

परवा मी सुखदेवच्या घरी गेलो. म्हटलं, "तुले माहीत होतं, मंग काहून नाई सांगतलं?"

तो ढोलकीला शाई लावून राह्यला होता. मान वर न करता म्हणाला, "तुह्याजवळ त्याचं काम होतं बे. मी सांगतलं असतं त भाऊही हातचा गेला असता अन् तूही. बस, शाई सुकू दे."

सुखदेव, मी तुझा अपराधी आहे. सगळ्यांसमोर म्हणतो.

तर त्या सोळा मात्रा तिकडं रेडिओनं कापल्या, इथं मी भरल्या. डर्कभाऊंनी लिहिलेली शांतता त्यांनी स्वतः कधी पुरी ऐकली नाही. आज आपण ती पुरी करू. लांब नाही, मिनिटभरही होणार नाही. फोन बंद करा. खोकला आला तर येऊ द्या, ती त्यांची परवानगी आहे.

सुखदेव, ये, माझ्या बाजूला बस. ठेका धर. सम आली की हात उचल. मात्रा तूच मनात मोज. माझं बोट हललं तर सर्वांदेखत धर.

डर्कभाऊ, तुम्हाला आमचा अखेरचा जयभीम.

मंडळी, उभे राहा.

थांबा.