लाल रेघ वर येईना

...आणि वर डॉक्टर मलाच विचारतात, "एवढं दुखत होतं तर बोलला का नाहीत?" अहो, कवायतीचा मास्तर मी! जन्म गेला मैदानात शिट्ट्या फुंकण्यात. शिट्टी वाजेपर्यंत थांबायचं नाही हे पोरांना मीच शिकवलं, आणि मीच थांबू? तुम्हाला सांगतो, तुम्हीही या डॉक्टरांच्या दाराशी बाकावर ताटकळताय म्हणून सांगतो, मला काही झालेलं नाही. मी परवा इथे आलो होतो तो निरोगी माणूस म्हणून!

खरंच! माझी भाची मागच्या इमारतीत संशोधन करते. म्हणाली, "मामा, आजाऱ्यांशी तुलना करायला तुझ्या वयाचा एक ठणठणीत माणूस हवाय. येशील?" येशील काय, मी कडक इस्त्रीची हाफपँट घालून हजर! तर तिने माझ्या दोन्ही पोटऱ्यांवर काडेपेटीएवढी एकेक डबी बांधली. त्या डबीतला उजेड म्हणे कातडीच्या आत शिरतो, आणि जेवढा परत येतो त्यावरून कळतं, तिथल्या रक्तात प्राणवायू किती उरलाय. बाहेरचा उजेड शिरू नये म्हणून वरून काळं फडकं. म्हटलं, "अगं, पोटरी तपासतेस की गाठोडं बांधतेस?" हसली. तेव्हा हसत होती हो...

मग ट्रेडमिल. समोर पडद्यावर दोन रेघा, डाव्या पायाची निळी, उजव्याची लाल. "मामा, स्नायू कामाला लागला की प्राणवायू खातो, रेघ खाली येते. थांबलास की ताजं रक्त धावून येतं, रेघ वर जाते. आणि दुखलं की लगेच सांग हं." मी कसला सांगतोय! निळी आली जराशी खाली, शहाण्यासारखी तिथेच राहिली. लाल मात्र घसरतच निघाली... पोटरीत असा गोळा आला की डोळ्यांपुढे काजवे! मी हसतोय. भाची विचारते, "ठीक ना?" मी म्हणतो, "वाढव स्पीड!" वाढव म्हणतोय मी, अक्कल बघा! लाल रेघ पार तळाला.

मशीन थांबवलं. निळी टुणकन वर. लाल... तिथेच. मशीन चालवणारा तिचा मदतनीस म्हणाला, "पट्टा आवळला असेल, मॅडम." सैल केला. तिथेच. "उजेड शिरत असेल." आणखी एक फडकं. तिथेच. मग डब्यांची अदलाबदल केली, मला पुन्हा चालवलं, आणि पुन्हा उजवाच पाय तळाला! डबीत खोट नव्हतीच. मी म्हटलं, "बूट जुने आहेत गं, मला काही झालेलं नाही." कोणी हसेना. आणि माझी भाची, जिला मी खांद्यावर बसवून गावभर मिरवलं, ती हळूच म्हणते, "मामा, तुम्ही जरा बसून राहा." तुम्ही! मला! खोटं कशाला बोलू, तिथे मी शिट्टी न वाजताच खाली बसलो.

बायकोला फोन केला तर ती काय म्हणते? "तरी म्हटलं, हा माणूस दर कोपऱ्यावर थांबून दुकानांच्या पाट्या का वाचतो!"

मग हे आतले डॉक्टर. पावलावर बोटं ठेवून, डोळे मिटून नाडी शोधतायत. डावीकडे चटकन सापडली. उजवीकडे इकडे दाब, तिकडे दाब... सापडेचना. म्हणाले, "मांडीतली मोठी रक्तवाहिनी तुंबलीय. आज तार घालून उघडायचा प्रयत्न करू." प्रयत्न! म्हटलं, "आणि नाही उघडली तर?" तर ते पेनाला टोपण लावत बसले. एवढा वेळ लागतो हो टोपण लावायला?

ती बघा भाची, त्या भिंतीशी. सकाळपासून डोळे पुसतेय. "मामा, मीच तुला बोलावलं रे." वेडी! न बोलावती तर मी अजून पाट्याच वाचत असतो. पण भीती वाटते हो! मला काही झालेलं... जाऊ दे.

आलो सिस्टर, आलो! खुर्ची कशाला, चालत येतो की. नको? बसू? बरं, बसतो. येतो हं मंडळी... चालत येतो की ढकलत आणतात, ते आता आतली माणसं ठरवतील.