तीन फाशांची शेवटची चिप

समारंभाचे अध्यक्ष आणि कॅसिनोचे व्यवस्थापक महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती मास्तर, पुढच्या रांगेतल्या वहिनी आणि जमलेल्या बंधुभगिनींनो,

मास्तरांनी सारी हयात टेबलामागे उभं राहून डाव वाटला, नव्या डीलरांना हात धरून शिकवलं. आणि मी? बंद पडलेल्या खेळांच्या चिपा, म्हणजे पैशांऐवजी लावायच्या चकत्या, जमवणाऱ्या मंडळाचा प्रमुख. एखादा खेळ मेला की आमच्या तोंडाला पाणी सुटतं.

'तीन फासे' हा खेळ कसा बंद पडला, ते आज गोड शब्दांत सांगायचं ठरलं होतं. मला ते जमणार नाही. हरलेल्या एका कंत्राटदाराने मास्तरांचं उजवं मनगट टेबलावर दाबून धरलं आणि पितळी ॲशट्रेने बोटं ठेचली. एकदा नव्हे, रखवालदार पोचेपर्यंत. मास्तर ओरडले, तेव्हा तोच ॲशट्रे तोंडावर घातला. दोन दात हिरव्या कापडावर पडले. आणि मास्तरांनी काय करावं? टेबल सोडताना डीलरने दोन्ही तळवे दाखवायचे असतात, चिप लपवलेली नाही म्हणून. लोंबत्या बोटांनी त्यांनी तळवे दाखवले आणि मग कोसळले.

खेळ दुसऱ्याच दिवशी बंद झाला. त्याच्या सगळ्या चिपा रिवाजाप्रमाणे यंत्रात भरडल्या. एक तेवढी गालिच्याखाली राहिली, ती आमच्या मंडळाने मिळवली. तिच्या कडेला काळा डाग आहे. डाग पुसू नका, मोल त्याचंच आहे, असं आमचे खजिनदार म्हणाले आणि आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. तीच चिप काचेच्या चौकटीत घालून आज मास्तरांना द्यायची होती. हौसेपायी माणूस किती आंधळा होतो, नाही का?

मघाशी वहिनींनी ती चौकट पाहिली. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भावजी, ते रक्त यांचं आहे. अजून झोपेत हात पोटाशी ओढून घेतात. ही मी कुठल्या भिंतीवर लावू?"

अध्यक्ष महोदय, ती कुठल्याच भिंतीवर लागणार नाही. म्हणून सभागृहाच्या सुताराकडून हातोडी मागून आणली. चौकट फोडून चिप या ठोकळ्यावर ठेवली आहे. अशी दुसरी कुठेही उरलेली नाही. खजिनदार, खाली बसा. कुणी ती उचलायला आलं, तर मी वयाचा मान ठेवणार नाही.

मास्तर, या. हातोडी डाव्या हाताने धरा. मनात कुणाचा चेहरा आणायचा, ते तुमचं तुम्ही ठरवा.

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, तर पोटात घाला. पुढच्या रांगेने डोळे मिटून घ्यावेत.

मारा, मास्तर.