सातऱ्यावरच्या बायांची पोत

माह्यं नाव शांता. माहेर उमरेडच्या पलीकडचं एक खेडं अन् सासर भिवापूर, म्हणजे मिरचीतून उठली अन् मिरचीतच येऊन बसली असं म्हणा. भिवापुरात सातरे असते, सातरा म्हणजे मोठं उघडं आंगण, तठी लाल मिरचीचे ढीग लावते अन् आम्ही बाया गोल बसून एकेका मिरचीचा देठ खुडतो, सकाळी बसलं का दिवस बुडेपर्यंत. लोक इचारते, हात जळत नाही का वं तुमचे. जळते ना बाप्पा, जळत काहून नाही, पण जळून जळून हात शहाणे झाले, डोळे मात्र अजून शहाणे व्हायचे आहे. लेकरू जवळ घेतलं तर लेकरू रडते, नवऱ्याजवळ गेलं तर नवरा शिंकते. माह्या बाजूले बसणाऱ्या संगीताले मी म्हणो, आपल्या गावची वस्ती एवढी वाढली कशी वं मंग? तर साऱ्या सातऱ्यावर खी खी खी, अन् मुनीम वरडे, बायांनो हात चालवा, तोंड नोको.

तर मी पोतीचं सांगणार होती. आमच्या सातऱ्यावर साऱ्याच बाया आल्या, मी कुणब्याची, संगीता बौद्धाची, कोणी तेल्याची, कोणी ढिवराची, पण गळ्यात सोनं म्हणून कोणाच्याच नाही. पोरीच्या लग्नात मंग काय, बेन्टेक्सचं घालायचं अन् फोटोत चमकते म्हणून समाधान मानायचं. तर आम्ही भिशी लावली अन् साऱ्यायनं मिळून एक पोत केली, काळे मणी अन् मधी मधी सोन्याचे. सातऱ्यावरच्या कोणत्याही बाईची पोरगी असो का सून, तिनं मांडवात थे पोत घालायची, अन् लग्नानंतर पहिल्यांदा मायच्या घरी आली का, सून असंल तर मायच्या घरी निघाली का, काढून द्यायची. अन् ज्या घरी लग्न झालं त्या घरानं त्याच्यात एक सोन्याचा मणी वाढवायचा, जमेल तसा, लहान का मोठा असो. म्हणून पोत अशी झाली होती का एक मणी दुसऱ्यासारखा नाही, कोणता ज्वारीएवढा, कोणता मटराएवढा. दिसायले काही खास नव्हती, खोटं काहून सांगू, पण आमची होती. ठेवायची माह्या घरी, काहून का माह्या घराले तेवढं एक लोखंडी कपाट होतं.

मंग आमचे हे बिमार पडले. हमाली करायचे बाजार समितीत, छातीतच बिघाड निघाला, डॉक्टर म्हणे नागपूरले न्या, ऑपरेशन करा. मी तर सातऱ्यावर काही बोलली नाही, मान खाली घालून देठ खुडत होती, पण संगीताच्या नजरेतून काही सुटते का? तिनं साऱ्यायले गोळा केलं अन् मले म्हणते, कपाटात सोनं ठेवून इथं मुंडकं पाडून काहून बसली वं? मी म्हणलं, थे माह्यं एकटीचं आहे का? तर म्हणते, म्हणूनच तर आम्ही साऱ्या सांगून राहिलो. दुसऱ्या दिवशी चार जणी माह्यासोबत बँकेत आल्या, गावातलीच सहकारी बँक, नाव नाही घेत मी, अन् पोत माह्या नावानं गहाण ठेवली.

ऑपरेशन झालं, हे वर्ष दीड वर्ष बरे राहिले. मी कर्ज फेडलं, सारं फेडलं. शेवटचा हप्ता दिला त्या दिवशी बाबू म्हणे, तिजोरीची किल्ली साहेबाकडं आहे, साहेब बाहेरगावी गेले, सोमवारी येजो बाई. सोमवारी गेली तर शटर खाली अन् समोर सारं गाव जमा. बँक बुडाली म्हणे. संचालक लोकायनं आपल्याच भाच्या-पुतण्यायले मोठमोठे कर्ज वाटले, थे काही परत आले नाही, अन् आता वरून हुकूम आला का कुलूप लावा. मी त्या शटरले हात लावून उभी राहिली, वेड्यावानी. आत, त्या कुलपाच्या मांगं, साऱ्या बायायची पोत.

बुडालेली बँक निस्तरायले सरकार एक माणूस बसवते, त्याले अवसायक म्हणते. आमच्याकडं आला थो साहेब मोठा गोड बोलणारा. गावात सभा घेतली, हात जोडले, म्हणे माझ्या मायबहिणींचं एक मणीभर सोनंही इकडं तिकडं होणार नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या, मी तर सगळ्यात जोरात. मंग म्हणे इथं धोका आहे, सारे दागिने नागपूरच्या हापिसात हलवतो. हलवले. मंग तपासणी चालू आहे. मंग पुढच्या महिन्यात या. मंग साहेब मीटिंगमधी आहे. असं करता करता वर्ष गेलं, अन् तिकडं संगीताच्या पोरीचं, पायलचं, लग्न ठरलं.

अन् त्याच मधात आमचे हे गेले. पुन्हा छातीतच कळ आली. शेवटच्या दिवसात त्यायच्या डोळ्यात सारखं पाणी यायचं, अन् मी काय करू सांगा, सातऱ्यावरून आलेली, हात मिरचीचे, पदर मिरचीचा, आपल्या माणसाचे डोळेही पुसता येत नव्हते मले. शेजारची पोट्टी येऊन पुसून देत होती. हे मले म्हणत, शांते, बायायची पोत सोडव वं, माह्यापायी गेली थे. मी म्हणलं, सोडवतो, तुम्ही पडून राहा. रोज इचारायचे, सोडवली का? मी एक दिवस हाव म्हणून टाकलं. तेवढं एक खोटं बोलली मी त्यायच्यासोबत, अन् त्याचं मले काही वाईट नाही वाटत.

पायलचं लग्न झालं, बेन्टेक्सवर. मी मांडवात मांगं बसली होती, पुढं जायची हिंमत झाली नाही मले.

मंग पुढच्या उन्हाळ्यात संगीताच म्हणते, शांते, आता आपण नागपूरले जाऊ, आताच्या आता. मिरचीचा हंगाम जोरात, मुनीम सुट्टी देईना, अर्ध्या दिवसाची दिली. तर आम्ही पाच-सहा जणी सातऱ्यावरून उठलो तशाच एसटीत बसलो, हात नाही धुतले का लुगडं नाही बदललं. एसटीतच लोक खोकून राहिले होते, कंडक्टरनं तिकीट दुरूनच फेकलं. हापिसात गेलो तर साहेबाची खोली एसीची, दारं खिडक्या गच्च बंद. आम्ही आत जाऊन खाली बसलो, पदर झटकून, बाईमाणसाची सवयच थे. अन् पंख्यानं थे सारी मिरची उडवली ना! आधी शिपाई शिंकला. मंग बाबू. मंग साहेब बोलायले लागला, हे पहा बाई, अन् आच्छी! नियमाप्रमाणे, आच्छी! डोळे लाल, नाकातून पाणी. आम्हाले तर काही होत नाही, आम्ही गुमान बसून. आईची आण, आम्ही मुद्दाम नव्हतं केलं. त्या दिवशी तरी नव्हतं केलं.

साहेब व्हरांड्यात पळाला, आम्ही मांगं. तिथं साऱ्या लोकासमोर मी इचारलं, साहेब, माह्यं कर्ज फिटलं, ही घ्या पावती, माही पोत कुठं आहे? तर म्हणे लिलाव झाला, पेपरात जाहिरात दिली होती, कोणी आलं नाही. मी म्हणलं, फिटलेल्या मालाचा लिलाव कोणत्या नियमात बसते? अन् भिवापुरात कोण वाचते थो पेपर? संगीतानं इचारलं, घेतला कोणी माल? साहेब दुसऱ्या खोलीत निघून गेला अन् कडी लावली. पण हापिसात एक बाई होती कामाले, थे डोळे पुसत पुसत आमच्याजवळ आली अन् हळूच म्हणे, इथल्या महाल भागात जा, साहेबाच्या साळ्याचं सोन्याचं दुकान आहे, सारं तठीच गेलं, मातीच्या मोलानं.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा मात्र मुद्दाम गेलो, आता लपवून काय करता. ओटीत दोन मुठी मिरचीपूड होती, खोटं नाही सांगत. महालातली गल्ली अशी अरुंद का दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर भांडण. दुकानात गेलो अन् गादीवर बसलो, म्हणलं पोती दाखवा, आम्ही गिऱ्हाईक आहो. साळ्यानं एकडाव आमच्याकडं पाह्यलं अन् ओळखलंच असंल, म्हणे बाई, तुमचं काही असंल तर केव्हाचं वितळलं. पण संगीता शांत, म्हणते बरं, मंग दुसऱ्या दाखवा, अन् पदर झटकला. दुकानात एक नवरी अन् तिची माय खरेदीले आली होती, त्या शिंकत बाहेर. मंग दुसरं गिऱ्हाईक बाहेर. साळा वरडला, पोलीस बोलावतो. मी म्हणलं बोलवा, आम्हालेही त्यायच्याशीच बोलायचं आहे.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरून एक म्हातारी जिना उतरून आली, खोकत खोकत, त्या साळ्याची माय. म्हणे काय चालू आहे रे? मी सांगतलं, माय, एक पोत होती, काळे मणी अन् सोन्याचे लहानमोठे, एकासारखा एक नाही. म्हातारीनं पोराकडं पाह्यलं. पोरगा भिताडाकडं पाहून राहिला. म्हातारी परत वर गेली, एकेक पायरी बसत बसत, अन् देव्हाऱ्यातून पोत घेऊन आली. म्हणे, काळे मणी दिसले तवाच मी म्हणलं, कोण्या बाईच्या कपाळाची वस्तू आहे, ही आगीत घालू देणार नाही. दोन-चार मणी कमी होते, कोणी काढले देव जाणे. पोत माह्या हातात दिली अन् म्हणे, माह्या पोराले शाप नको देजो वं बाई. मी तिच्या पाया पडली. एवढा राग घेऊन आली होती मी, अन् तिथं मले रडूच आलं, अन् मिरचीचे हात म्हणून डोळेही पुसता येईना. म्हातारीनंच आपल्या पदरानं पुसले.

आल्यावर मी पोत सातऱ्यावर साऱ्यायच्या समोर ठेवली, म्हणलं आता दुसऱ्या कोणाच्या घरी ठेवा, माह्या घरून गेली होती. कोणी हातच लावेना. पायल तेव्हा पहिल्या बाळंतपणाले आली होती, सातवा सरत होता, मॅक्सीवरच आली मिरचीत, मायच्या शिव्या खात. तिनं पोत उचलली, गळ्यात घातली, पोटावर हात ठेवून जराशी बसली. मंग काढली अन् माह्या गळ्यात घालायले लागली. मी मांगं सरकली, म्हणलं नोको वं पोरी, मी अशी, मले काळे मणी चालत नाही. तर संगीता म्हणते, चूप बस. तुह्या माणसासाठी गेली होती थे. त्याचीच समज अन् घाल. अन् साऱ्या बायायनं हात चालवणं थांबवलं, मुनीमही वरडला नाही. घातली मी. संध्याकाळपर्यंत घालून देठ खुडले.

आता मी नागपुरात कळमन्याले पोराकडं राहतो, थो मार्केटात हमाली करते. पोत भिवापुरात संगीताकडं आहे, कपाटही तिलेच देऊन टाकलं. थो साहेब बदलून गेला, चौकशी चालू आहे म्हणते, चालूच राहते थे. बाकी लोकायचं सोनं काही आलं नाही, ठेवीचे पैसे कोणाले थोडे भेटले, कोणी अजून चकरा मारून राहिले, त्यायच्यासाठी जीव तुटते माहा. आम्हाले आमचं भेटलं, पण आम्हालेच काहून, अन् त्यायले काहून नाही, याचं उत्तर मले कोणी देत नाही.

तुम्हाले पोरगी आहे म्हणता ना? लग्नाची झाली का सांगजा. सातऱ्यावरची नाही म्हणून काय झालं, एवढा वेळ बसून ऐकलं तुम्ही माह्यं. मी घेऊन येईन पोत. मणी जमला तर वाढवा, नाही जमला तर राहू द्या. पोरगी सुखात राहो.