वसंताची पानं मी लावली

मंडळी, वहिनी, मीनल. चाळ पाडून टॉवर झाला तरी खालच्या हॉलमध्ये एवढी माणसं वसंताच्या शोकसभेला जमली, बरं वाटलं. मला बोलता येत नाही. शाळा सातवीपर्यंत. जन्मभर परळच्या छापखान्यात बाइंडर होतो. चुकलं तर सांभाळून घ्या. नाही, सांभाळून नका घेऊ. ऐकून घ्या.

वसंता गोदीत कारकून होता हे सगळ्यांना ठाऊक. त्याने एक कादंबरी लिहिली होती, हे किती जणांना ठाऊक आहे? दूरच्या ग्रहावरची, सैनिकांची. दोन वर्षं लिहीत होता. कागद घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, "पांडू, पुठ्ठ्यात बांधून दे. आणि पानं जशी आहेत तशीच शिव हां."

जशी आहेत तशीच. हे तो बोलला होता, मंडळी.

मी पानं उघडली. दहा पानं निळ्या शाईची, मग दहा काळ्या शाईची, परत निळी, परत काळी. निळ्यांचे आकडे वेगळे, काळ्यांचे वेगळे. मला वाटलं, दोन गोष्टी एकमेकांत मिसळल्या. बाइंडरच्या हाताला आकडे ओळीत लागतात हो! मी निळी सगळी पुढे घेतली, काळी सगळी मागे. शिवली. पुठ्ठा लावला. वसंताची ड्युटी होती, म्हणून मीच प्रकाशकाकडे नेऊन दिली. वर त्याला सांगितलं, "एकदम फर्स्ट क्लास काम केलंय."

दोन महिन्यांनी पार्सल परत आलं. वर चिकटवलेली चिठ्ठी: तुमचा सुभेदार अर्ध्या पुस्तकात एक माणूस आहे, मग अचानक दुसराच होतो, पटत नाही. वसंताने चिठ्ठी वाचली आणि पार्सल न सोडता माळ्यावर टाकलं. म्हणाला, "असेल बाबा त्यांचं खरं." पुन्हा एक ओळ लिहिली नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी गॅलरीत बसलो होतो. मी सहज विचारलं, "काय होतं रे त्या गोष्टीत?" तर किती खुलला तो!

"सुभेदार एकच, काळ दोन. निळ्या शाईतल्या काळात त्याच्या फौजेने मोठी लढाई जिंकलेली. वस्ती जाळायचा हुकूम आला की तो जाळतो आणि जेवायला बसतो. काळ्यात तीच लढाई हरलेली. तिथे तोच हुकूम येतो, तर तो विचारतो, साहेब, त्या घरांत कोण आहे? माणूस तोच, पांडू. मागची लढाई बदलली की हुकुमाकडे बघायची नजर बदलते. म्हणून थोडं हे, थोडं ते. शेजारी शेजारी ठेवलं तरच कळतं ना?"

मला घाम फुटला.

"काय झाला रे तुका, पांडू?" वसंता एकदम मालवणीवर आला.

"काही नाही. उकडतंय."

डिसेंबर होता.

तेव्हा सांगता आलं असतं. पार्सल आत माळ्यावरच होतं. त्याने शिव्या घातल्या असत्या, चार दिवस बोलला नसता, मग कदाचित पानं नीट लावून कादंबरी परत पाठवली असती. मी काय केलं? चहा मागितला. त्यानंतर रोज भेटायचो. रोज ठरवायचो, उद्या सांगू. हॉस्पिटलात त्याने हात धरला होता, तेव्हाही मी क्रिकेटचं बोललो.

आज बोलतोय, कारण आज तो ओरडू शकत नाही. हेही मला कळतं.

बसतो हो, बसतो. एकच राहिलं. वहिनी, तुम्ही बारा वेळा म्हणालात, "ह्यांना लिहायला जमलं नाही." जमलं होतं. मी बिघडवलं. चाळीतून तुम्ही सोबत आणलेलं ते पुस्तक मला द्या. माझे हात कापतात, पण शिवण उसवता येते. तुमच्या लेकीला, मीनलला, शेजारी बसवीन, ती सांगेल तशी पानं लावीन. माझ्या मनाने एकही हलवणार नाही. नाही दिलंत, तरी मला बोलायला तोंड नाही.

आता उठू या. वसंतासाठी दोन मिनिटं गप्प राहू या. मी फार वर्षं गप्प राहिलो, पण ते स्वतःसाठी होतं.