सतरा गुणांची पिछाडी

मुलाचे वडील: टेकवा, टेकवा कपाट. बोट अडकलं माझं.

मुलीचे वडील: निघालं?

मुलाचे वडील: निघालं. लिफ्टलाही बंद पडायला आजचाच मुहूर्त सापडला. कितवा मजला हा?

मुलीचे वडील: दुसरा. आणखी दोन जिने.

मुलाचे वडील: माझे गुडघे तर दहा मजले उतरल्याचं सांगतायत. बसू या जरा पायरीवर.

टेम्पोवाला: (खालून) काका, अजून किती वेळ? मला पाचला दुसरीकडे पोचायचंय.

मुलाचे वडील: येतोय रे बाबा. तूच ये की वर हात लावायला.

टेम्पोवाला: कंबर धरलीय माझी. गाडी चालवण्यापुरतीच शिल्लक आहे.

मुलाचे वडील: घ्या. म्हणजे तिघंही सारखेच. व्याही, एक बोलू? रागावू नका.

मुलीचे वडील: बोला. जरा हळू, लेक वर खोकी बांधतेय.

मुलाचे वडील: तिचं कपाट आहे, तिच्याबरोबर जाणारच, त्याबद्दल काही नाही. पण घटस्फोटाच्या कागदांवर सह्या व्हायला अजून तीन आठवडे आहेत. तुम्ही एक शब्द टाका तिच्याकडे. माझा मुलगा वाईट नाही हो.

मुलीचे वडील: नाहीच आहे.

मुलाचे वडील: व्यसन नाही, हात उगारणं नाही. चार वर्षांत आवाज चढवला नसेल त्यानं. आज सकाळी डबासुद्धा न घेता ऑफिसला गेला. म्हणाला, बाबा, सामान निघताना मला बघवणार नाही, तुम्ही थांबा.

मुलीचे वडील: लेकही तेच म्हणते. माणूस चांगला आहे म्हणते.

मुलाचे वडील: मग घोडं अडलं कुठे? काल रात्री त्याला समोर बसवलं आणि सांगितलं, अरे, सतरा गुणांनी मागे असलो तरी शेवटची शिट्टी वाजेपर्यंत...

मुलीचे वडील: ती मॅच.

मुलाचे वडील: तीच. ऐकून ऐकून कान किटले असतील तुमचे.

मुलीचे वडील: सांगा. बसलोच आहोत.

मुलाचे वडील: कॉलेजच्या बास्केटबॉलची फायनल. नऊ मिनिटं उरलेली आणि आम्ही सतरा गुणांनी मागे. निम्मी पोरं सायकली काढायला निघून गेली. मी हललो नाही. रिंगच्या बरोबर मागे, पहिल्या रांगेत, हातात पत्र्याचा डबा. मग आमचा बुटका पेटला. एक बास्केट, दुसरी, तिसरी. समोरच्यांचे पाय जड होत चालले. शेवटी राहिली त्यांची एका गुणाची आघाडी आणि चार सेकंद. त्यात त्यांनाच दोन फ्री थ्रो. टाकणार कोण, तर त्यांचा अकरा नंबर. हा ताडमाड उंच. त्या वर्षी त्याचा एकही फ्री थ्रो चुकला नव्हता म्हणे.

मुलीचे वडील: दोन चुकले होते.

मुलाचे वडील: काय?

मुलीचे वडील: त्या वर्षी. आधी दोन चुकले होते. पुढे सांगा.

मुलाचे वडील: असतील. तर मी डबा बडवायला घेतला. ओरडलो, लटपटला रे लटपटला. अख्खी रांग ओरडायला लागली. पहिला कडेला लागून बाहेर. दुसरा पुढच्या कडेला आपटून परत. चेंडू आला बुटक्याच्या हातात आणि त्यानं अर्ध्या कोर्टावरून भिरकावला. सरळ आत. छत्तीस वर्षं झाली, अजून काटा येतो अंगावर. पण दोन चुकले होते हे तुम्हाला कुणी सांगितलं?

मुलीचे वडील: अकरा नंबर मी होतो.

मुलाचे वडील: कोण?

मुलीचे वडील: मी. तेव्हा पोट नव्हतं आणि पाठ सरळ होती.

मुलाचे वडील: थट्टा करताय.

मुलीचे वडील: पहिला उजव्या कडेला लागला होता. तुम्ही सांगताना नेहमी डावीकडे हात करता. रिंगच्या मागून डावी दिसली असेल.

मुलाचे वडील: अहो... तुम्ही सगळे पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आलात, तेव्हा मी सगळ्यांसमोर नक्कल केली होती. त्या अकरा नंबरची. गुडघे लटपटतात ती.

मुलीचे वडील: छान करता. लेकीला हसू आवरेना. मला वाटलं, या घरात रमेल. मग कशाला बोलायचं?

मुलाचे वडील: चार वर्षं गप्प राहिलात?

मुलीचे वडील: पहिला दिवस जड जातो. मग सवय होते.

मुलाचे वडील: आणि त्या मॅचनंतर काय झालं?

मुलीचे वडील: खेळावर नोकरी लागायची होती, ती राहिली. कॅप्टन माझा जिवाभावाचा मित्र. परतताना बसमध्ये शेजारी बसला नाही. मग एका चष्म्याच्या दुकानात काचा घासायला लागलो. पुढे स्वतःचं दुकान टाकलं. वाईट नाही झालं काही.

मुलाचे वडील: माझ्या डब्यानं हे केलं.

मुलीचे वडील: कुठला डबा?

मुलाचे वडील: अहो, छत्तीस वर्षं छाती ठोकून सांगतोय, ती मॅच माझ्या डब्यानं जिंकली.

मुलीचे वडील: मला डबा ऐकूच आला नाही. तुमची रांगही नाही.

मुलाचे वडील: मग चुकलात कसे?

मुलीचे वडील: दमलो होतो.

मुलाचे वडील: एवढंच?

मुलीचे वडील: एवढंच. आमचे दोघं जायबंदी, बदलायला कुणी नाही. हात खांद्याच्या वर जात नव्हता. आमचे सर बाहेरून सारखे ओरडत होते, थोडंच राहिलंय, थोडंच राहिलंय. त्याऐवजी दमलास का रे, असं विचारलं असतं तर मी तिथंच खाली बसलो असतो.

मुलाचे वडील: हे कधी कुणाला सांगितलंत?

मुलीचे वडील: गेल्या महिन्यात, लेकीला. घरी आली ती दोन दिवस नुसती झोपून. विचारलं, भांडलात का? म्हणाली, नाही हो बाबा. तो रोज म्हणतो, आज नव्यानं सुरुवात करू. चार वर्षं रोज. मला आता एकही सुरुवात झेपत नाही.

मुलाचे वडील: ते मी शिकवलं त्याला. शेवटच्या शिट्टीपर्यंत.

मुलीचे वडील: तुम्ही चांगलंच शिकवलंत.

मुलाचे वडील: पण ती थोडा वेळ...

मुलीचे वडील: व्याही, तुम्ही म्हणता तर मी शब्द टाकतो. मला भीती एवढीच आहे की ती ऐकेल माझं.

मुलाचे वडील: ऐकलं तर चांगलंच ना?

मुलीचे वडील: उद्या ऐकेल. दमलेली असली तरी परवाही ऐकेल.

टेम्पोवाला: (खालून) काका, उतरताय की जिन्यातच संसार मांडलात?

मुलीचे वडील: चला. मी खालची बाजू धरतो.

मुलाचे वडील: नका टाकू शब्द.

मुलीचे वडील: बरं.

मुलाचे वडील: मुलाला मी सांगेन. कसं ते बघतो. आणि ते कपाट सोडा आधी. दम लागलाय तुम्हाला.

मुलीचे वडील: थोडासा.

मुलाचे वडील: मग बसा. टेम्पोवाल्याशी मी बोलतो.