राजीनामा ऑगस्टमध्ये

संपादकाच्या टेबलावर राजीनामा आपटता यावा, एवढ्यासाठीच मी शेअर्स घेतले, बरं का! डिव्हिडंड पगाराएवढा झाला की नोकरी सोडायची, हे ठरलेलं. यंदा ऑगस्टमध्ये मोबाइलवर त्या महिन्याच्या डिव्हिडंडची बेरीज पाहिली, तर पगाराच्या वर! त्यात साहेबांनी माझी कळंबोलीच्या खड्ड्यांची बातमी चार ओळींवर आणलेली. तडक केबिनमध्ये शिरलो.

"उद्या राजीनामा देतो!"

घरी पेढे नेले. बायकोने मोबाइल पाहिला.

"अहो, या कंपन्या डिव्हिडंड वर्षातून एकदाच देतात. पुढच्या महिन्यात काय पेढे खायचे?"

सकाळी साहेबांनी हात पुढे केला. "आणा राजीनामा."

मी ठणकावलं, "पुढच्या ऑगस्टला देतो. तोवर माझे खड्डे पूर्ण छापा!"